कौलं उतरवून पत्रे टाकायचे तर: एका बैठ्या घराच्या छपराचं अंदाजपत्रक

ठाण्यात छपराचं काम निघालं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "फुटाला काय घेणार?" ठेकेदारही तितक्याच सहज एक आकडा फेकतो आणि बोलणी सुरू होतात. तो फूट नेमका कुठला, हे मात्र दोघांपैकी कोणीच काढत नाही. जमिनीचा फूट वेगळा, उतारावरचा वेगळा, पत्र्याचा आणखी वेगळा. एकाच घराचे चार वेगवेगळे चौरस फूट निघतात आणि भाव कुठल्या फुटाला लावला यावर बिल पन्नास-साठ टक्क्यांनी इकडचं तिकडे होतं.

म्हणून इथे एकच घर घेऊन, चेंदणी कोळीवाड्यात किंवा उथळसरच्या जुन्या आळ्यांत सापडतं तसं, अंदाजपत्रक ज्या क्रमाने केलं जातं त्याच क्रमाने मांडलं आहे. बैठं घर, बाहेरून बाहेर 20 बाय 30 फूट. विटांच्या भिंती, मंगलोरी कौलं, मध्ये 30 फुटी आढं, दोन्ही टोकांना त्रिकोणी भिंती. मागे सिमेंटच्या पत्र्याची 8 फुटी पडवी. घरमालकांना कौलं काढून रंगीत पत्रे टाकायचे आहेत, भिंती आहेत तिथेच आणि तेवढ्याच ठेवून.

उंची तीच ठेवायची हे आधीच ठरवून घ्यावं. छप्पर दुरुस्त करणं ही एक गोष्ट आणि भिंती तीन फूट वाढवून वर माळा काढणं ही दुसरी. दुसऱ्याला बांधकाम परवानगी लागते आणि ती नसली की अर्धवट काम थांबतं, उघडं घर पावसात सापडतं. ठाण्यात प्रभाग समितीच्या, नवी मुंबईत विभाग कार्यालयाच्या दारात आधी जाऊन लेखी विचारून येणं स्वस्त पडतं.

मोजणी

टेप लावण्याआधी वर चढून लाकूड बघायचं असतं. खालून वासे चांगलेच दिसतात, कारण पन्नास वर्षांच्या चुलीच्या धुराने आणि तेलपाण्याने ते काळे कुळकुळीत झालेले असतात. खराबी असते ती भिंतीत शिरलेल्या टोकाला. तिथे पावसाचं पाणी वळचणीतून उलटं येतं, विटेत मुरतं आणि लाकडाला वर्षभर ओल धरते. सुताराने स्क्रू ड्रायव्हरचं टोक वाशाला आढ्याजवळ टोचलं तर जेमतेम खूण उमटते. तेच भिंतीलगत टोचलं की दांड्यापर्यंत आत जातं आणि बाहेर काढताना भुसा सांडतो.

"वरून तर चांगला वाटतोय की हो वासा," काकू खालून म्हणतात.

"काकू, वासा चांगलाच आहे. टेकलाय तिथे नाहीये."

ही तपासणी प्रत्येक वाशाची करायची. निम्म्याहून जास्त टोकं गेली असतील तर लाकडी सांगाडा वाचवण्याच्या गप्पा सोडून द्याव्यात. सात-आठच गेली असतील तर कौलंच परत चढवणं बहुतेक वेळा शहाणपणाचं ठरतं. ठेकेदार हे स्वतःहून सांगणार नाही, कारण त्यात त्याचा लोखंडाचा धंदा जातो.

मग मोजमाप. घर काटकोनात आहे का हे कर्णांवरून कळतं. 20 बाय 30 चा कर्ण 36 फूट पाऊण इंचाच्या आत यायला हवा आणि दोन्ही कर्ण सारखे यायला हवेत. जुन्या घरांत तीन-चार इंचांचा फरक सर्रास असतो. कौल तो फरक पोटात घालतं, कारण दर ओळीला थोडं सरकवता येतं. चौदा फुटी पत्रा घालत नाही. पहिला पत्रा तिरपा लागला की दहाव्या पत्र्यापर्यंत वळचणीला करवतीसारखे दाते पडतात. दुसरी तपासणी पाण्याच्या नळीने: दोन्ही लांब भिंतींचे माथे एका पातळीत आहेत का. दीड-दोन इंच उतार निघाला तर तो वरच्या काँक्रीटच्या पट्ट्यात भरून काढायचा, कैचीखाली (छपर तोलणाऱ्या लोखंडी त्रिकोणी चौकटीखाली) पट्ट्या कोंबून नव्हे.

उतार मोजायला फूटभर पट्टी आडवी धरून टोकापासून वाशापर्यंतचं उभं अंतर घ्यावं. मंगलोरी कौलांना ते सात इंचांच्या आसपास असतं, म्हणजे साधारण 30 अंश. फुटाला सात इंच उतार असला की आडव्या लांबीला 1.16 ने गुणायचं, उताराची लांबी मिळते. आपल्या घरात आढ्यापासून भिंतीच्या बाहेरच्या कडेपर्यंत 10 फूट आणि पुढे 2 फूट वळचण, मिळून 12 फूट आडवे. गुणिले 1.16 म्हणजे 13.9 फूट. लांबीला 30 फूट आणि दोन्ही टोकांना एकेक फूट बाहेर, एकूण 32. दोन पाखी, म्हणजे आढ्याच्या दोन्ही बाजूंचे उतार, धरून 13.9 × 32 × 2, म्हणजे 890 चौरस फूट.

घर 600 फुटांचं, छप्पर 890 फुटांचं. आता पत्र्याकडे वळू. रंगीत पत्रा घातल्यावर एका पत्र्याने साधारण 1 मीटर, म्हणजे 3.28 फूट रुंदी झाकते. 32 फुटांना दहा पत्रे, दोन पाख्यांना वीस. प्रत्येक 14 फुटी, एकूण 280 धावते फूट. झाकलेली रुंदी धरली तर 918 चौरस फूट. पण पत्रा सुटा मोजला तर तो 1.07 मीटर रुंद भरतो, कारण बाजूची जोडाची नळी दुसऱ्या पत्र्याखाली जाते. त्या हिशेबाने 983. झाले चार फूट: 600, 890, 918 आणि 983. कोटेशनवर नुसतं "स्क्वेअर फूट" लिहिलं असेल तर यातला कुठला हे शेजारी पेनाने लिहून त्यावर सही घ्यायची. वाद इथेच मिटतो.

आधी वजन, मग भाव

आपल्याकडे अंदाजपत्रकात वजनाचा रकाना नसतो, आणि खरा गोंधळ तिथेच होतो.

मंगलोरी कौलं रीपांसकट धरली तर चौरस मीटरला सुमारे 65 किलो भरतात. आपल्या 890 फुटांच्या, म्हणजे 82.7 चौरस मीटरच्या छपरावर ही सव्वापाच टनांहून जास्त माती आणि लाकूड आहे. चौरस मीटरला साधारण 15 कौलं धरली तर मोजून साडेबाराशेच्या जवळ. हे छप्पर इतकी वर्षं कशाने टिकलं? स्वतःच्या वजनाने. त्याला कोणी बोल्ट मारलेले नव्हते.

आता नवं छप्पर. अर्धा मिलिमीटरचा रंगीत पत्रा आणि खालचा लोखंडी सांगाडा मिळून, पुढे हिशेब येईल त्याप्रमाणे, चौरस मीटरला 13-14 किलो. आणि वारा? भारतीय मानकात मुंबई परिसराला वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर धरतात, तासाला 158 किलोमीटरच्या आसपास. त्याच मानकातलं सूत्र म्हणजे वेगाचा वर्ग गुणिले 0.6. येतात 1162 न्यूटन, चौरस मीटरला सुमारे 118 किलोचा दाब. घराची उंची, आजूबाजूच्या इमारती, उतार यांनुसार तो कमीजास्त होतो, पण अर्धाच जोर वर ओढायला लागला असं धरलं तरी 59 किलो. त्यातून छपराचं वजन वजा केलं तरी पूर्ण छपरावर पावणेचार टनांची वरची ओढ उरते. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा ठिकठिकाणी पत्रे उडाले, ते पत्रा फाटून कमी आणि सांगाड्यासकट उचलून जास्त.

म्हणून कौलं काढून पत्रे टाकताना भिंतीच्या माथ्यावर काँक्रीटचा पट्टा ओतावाच लागतो. "भिंत मजबूत आहे, थेट विटेत बोल्ट मारू" असं म्हणणारा ठेकेदार त्याच कलमात पंचवीस-तीस हजार कमी करून कोटेशन स्वस्त दाखवतो. जुनी वीट, चुन्याचे सांधे, त्यात चार इंचांचा फास्टनर. पहिल्याच जोराच्या झोताला विटेसकट बाहेर येतो.

पट्ट्याचं माप: दोन लांब भिंतींवर 60 फूट, 9 इंच रुंद आणि 6 इंच जाड, म्हणजे साडेबावीस घनफूट. त्रिकोणी भिंतींच्या तिरप्या कडांवर मिळून 46 फूट, 4 इंच जाड, साडेअकरा घनफूट. एकूण 34, म्हणजे एक घनमीटरला थोडं कमी. सिमेंटच्या 8 गोणी, सळई सुमारे 100 किलो: लांब भिंतींत चार 10 मिलिमीटर, तिरप्या पट्ट्यात दोन, आणि सहा-सहा इंचांवर 8 मिलिमीटरच्या रिंगा. दर चार-पाच फुटांवर भिंतीत दीड-दोन फूट खोल एक उभी सळई उतरवून ग्राउटने (सिमेंटच्या पातळ मिश्रणाने) भरायची, नाहीतर पट्टा भिंतीवर नुसता ठेवल्यासारखा राहतो. पट्ट्याचं स्वतःचं वजन 2.4 टन आहे, ती जमेची बाजू. कैचीच्या बैठकीचे बोल्ट काँक्रीट ओतताना साच्याला बांधून सोडायचे: 12 मिलिमीटरचे, 9 इंच लांब, खाली वाकवलेले, एका बैठकीला चार. तीन कैच्यांना 24. नंतर ड्रिल मारून बसवले तर काम दिसायला तेच, पण पकड तेवढी येत नाही.

लोखंड किलोने मोजा

साडेसात फुटांवर एक कैची धरली की मध्ये तीन लागतात, टोकांना त्रिकोणी भिंती आहेतच. पत्र्याखालच्या आडव्या पाइपांना फॅब्रिकेटर पर्लिन म्हणतात. अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्याला त्या चार फुटांहून लांब ठेवू नयेत. 13.9 फुटांत चार गाळे, म्हणजे एका पाख्याला पाच पर्लिन आणि दोन्हींना दहा. प्रत्येक 32 फूट, एकूण 320 फूट, साडेसत्त्याण्णव मीटर.

चौकोनी पाइपचं वजन दुकानदाराला विचारायची गरज नाही. पाइपच्या तोंडाच्या दोन बाजूंची बेरीज दुप्पट करा, त्यातून जाडीची चौपट वजा करा, जाडीने गुणा आणि 0.00785 ने गुणा. मीटरचं वजन किलोत येतं, सगळी मापं मिलिमीटरमध्ये धरून. कोपरे गोल असल्यामुळे प्रत्यक्षात किंचित कमी भरतं. 60 × 40 चा 2.6 मिलिमीटर जाडीचा पाइप मीटरला 3.8 किलोच्या आसपास. पाइप 6 मीटरच्या लांबीत येतो, म्हणून साडेसत्त्याण्णव मीटरना 17 नग, 388 किलो. कैचीच्या दोन्ही तिरप्या आणि खालची आडवी 80 × 40 × 3 मध्ये, आतल्या काड्या 40 × 40 × 2.6 मध्ये, प्लेटा धरून एक कैची 100 किलोच्या आसपास जाते. तीन कैच्या 300. त्रिकोणी भिंतींवर पर्लिन धरायचे तुकडे आणि बाकी किरकोळ 40. एकूण सुमारे 730 किलो.

हा आकडा हातात असला की लोखंडाच्या कोटेशनशी बोलता येतं. कोणी 500 किलोत बसवतो म्हणाला तर पाइप पातळ आहे किंवा कैची एक कमी आहे. 1100 म्हणाला तर तो अजून कौलांचाच सांगाडा डोक्यात धरून बसलाय. पाइप आला की कापलेल्या टोकाला व्हर्नियर लावून जाडी बघायची. 2.6 म्हणून 2 मिलिमीटरचा पाइप येणं ही अपवादाची गोष्ट नाही, आणि रंग मारल्यावर ते कोणालाच दिसत नाही. शक्य असेल तिथे वजनकाट्याची पावती मागायची आणि पैसे त्या वजनावर द्यायचे.

खाडीकाठच्या हवेत रेडऑक्साइडचा एक हात पुरत नाही. वेल्डिंगच्या जागा तारेच्या ब्रशने घासून, झिंकवाला प्रायमर आणि वर दोन हात रंग. पाइपची उघडी तोंडं झाकण वेल्ड करून बंद करायची, नाहीतर पाइप आतून सडतो.

पत्रा, आणि पत्र्यापेक्षा जास्त विसरलं जाणारं

दुकानात 0.50 म्हणतात त्यात धातूचा लेप आणि कधीकधी रंगसुद्धा मोजलेला असतो. लेपावर जस्त-अॅल्युमिनियमचं प्रमाण दाखवणारा आकडा असतो; आपल्या दमट हवेला 150, म्हणजे दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला 150 ग्रॅम, याच्या खाली जाऊ नये. हे पत्र्याच्या मागच्या बाजूला छापलेलं असतं. छापलेलं नसेल तर तो पत्रा घेऊ नये, भाव कितीही गोड लागो.

जाडी पारखायची सोपी रीत वजनाची आहे. पत्रा ज्या कॉइलमधून निघतो ती बहुधा 1220 मिलिमीटर रुंद असते. लेपासह 0.50 जाडीचा 14 फुटी पत्रा साडेएकोणीस किलोच्या आसपास भरायला हवा. भंगारवाल्याचा हुकाचा काटा मागून आणा, पत्रा मधोमध दोरीने बांधा आणि दोघांनी उचला. काटा साडेसतरावर थांबला तर तो 0.45 चा पत्रा आहे. त्या दोन किलोंच्या फरकात वीस पत्र्यांचं मिळून चाळीस किलो पोलाद गायब झालेलं असतं.

पत्र्याचं कलम सगळे नीट लिहितात. विसरतात ते कडांचं. आढ्यावरची टोपी 34 फूट जोडासह, त्रिकोणी भिंतींवरच्या कडपट्ट्या चार, प्रत्येकी 14 म्हणजे 56 फूट, आणि दोन्ही वळचणींना पन्हळ 64 फूट. एकूण 154 फूट वाकवलेला पत्रा. त्याचा फुटाचा भाव साध्या पत्र्याच्या जवळपास असतो, म्हणजे पत्र्याच्या रकमेच्या निम्मी रक्कम कोटेशनबाहेर राहते आणि काम अर्ध्यावर आल्यावर "एक्स्ट्रा" म्हणून समोर येते.

स्क्रूंचा हिशेबही करावा. प्रत्येक पत्रा प्रत्येक पर्लिनला चार धरले तर 400, शेजारच्या पत्र्यांच्या जोडांवर दीड फुटाला एक धरून 160, टोपी आणि कडपट्ट्यांना दीडशे. राखीव धरून 750. वॉशर ईपीडीएम रबराचा हवा आणि स्क्रूवर गंजरोधक लेप हवा. कोळीवाड्यात फिरून जुने पत्रे बघितले तर पत्रा शाबूत आणि भोकाभोवती तांबूस वर्तुळं, असं दिसतं. ते साध्या स्क्रूचं काम. स्क्रू आवळताना वॉशर किंचित दबला की थांबायचं. फुगून बाहेर आला तर रबर दोन उन्हाळ्यांत फाटतो, आणि गळती "पत्रा गळतोय" म्हणून ओळखली जाते.

पत्रा जागेवर कापायची वेळ आलीच तर कात्रीने किंवा निबलरने कापावा. ग्राइंडर लावला की ठिणग्या रंगात रुतून बसतात आणि महिनाभरात पूर्ण पाखीवर गंजाचे ठिपके उठतात. ड्रिलचा चुराही रोज संध्याकाळी झाडून काढायचा. पत्रे घालायला सुरुवात पूर्वेच्या टोकाने करावी, म्हणजे जोडाची उघडी कड पावसाळी वाऱ्याकडे पाठ करून राहते.

उष्णतेचं बोलणं इथेच आटपून घ्यावं. कौलाखालून पत्र्याखाली गेलेलं घर एप्रिलमध्ये तापतं आणि जुलैमध्ये टीव्ही ऐकू येत नाही. पत्र्याखाली अॅल्युमिनियमचा बबल थर घालायचा असेल तर तो पर्लिन आणि पत्रा यांच्यामध्ये, पत्रे घालतानाच जातो. नंतर घालायचं म्हटलं तर सगळे स्क्रू काढावे लागतात. तसंच सोलारचं. पुढे पॅनेल बसवायचा विचार असेल तर लोखंड मागवण्याआधी फॅब्रिकेटरला सांगा, म्हणजे त्या पाखीची पर्लिन तो जाड धरेल.

उतरवणं आणि वाहून नेणं

कौलं उतरवताना दहातलं एखादं फुटतंच. चांगली निघालेली कौलं विकली जातात, पण अटीवर: एकाच छापाची हवीत. जुन्या कौलांच्या पोटावर कारखान्याचा ठसा असतो. बासेल मिशनने 1865 मध्ये मंगळुरूला कौलांचा कारखाना काढला, त्यानंतर बऱ्याच कारखान्यांनी आपापले साचे काढले. दोन साच्यांची कौलं एकमेकांत बसत नाहीत, म्हणून मिसळ ढिगाला भाव नाही. सागाचे वासे मात्र टोकं कापून विकले जातात. ती रक्कम आधी बोलून अंदाजपत्रकात वजा करून लिहायची. "लाकूड आमचं" हे वाक्य ठेकेदार हळूच टाकतो, त्याकडे लक्ष असावं.

मागच्या पडवीचे जुने सिमेंट पत्रे अॅस्बेस्टॉसचे धरूनच चालायचं. आधी पाणी मारून ओले करायचे, बोल्ट कापून पत्रा अख्खा उतरवायचा, वरून फेकून फोडायचा नाही, कोरडा झाडू मारायचा नाही आणि कामगारांना साधा रुमाल नव्हे तर धूळ अडवणारा मास्क द्यायचा. त्या पत्र्यावर थेट पाय देणं म्हणजे खाली पडण्याची तयारी. पर्लिनवर फळ्या टाकूनच चालायचं. हे काम हळू होतं, म्हणून त्याचा मजुरीचा दर वेगळा लिहिलेला बरा.

आळीतली वाहतूक कागदावर कधीच नसते. टेम्पो मुख्य रस्त्यावर थांबतो, पुढे सगळं डोक्यावरून. 20 फुटी पाइप उभा करून वळवता येतो, पण 14 फुटी पत्रा आडवाच न्यावा लागतो आणि काटकोनातल्या वळणावर अडकतो. वळणाची रुंदी आधी मोजा. बसत नसेल तर शेजाऱ्याच्या गच्चीवरून दोरीने घेण्याची परवानगी आधीच मागावी लागते. महावितरणची सर्व्हिस वायर छपरावरून जात असेल तर ती हलवायचा अर्जही काम सुरू होण्याआधी. पाइप उभा करताना वर बघायचं राहून जातं, आणि या कामातले सगळ्यात वाईट अपघात तसेच होतात.

आकडे जोडून

खालचे दर फक्त गणित दाखवायला धरलेत, कर आणि आणून टाकण्याच्या खर्चासह. लोखंडाचा भाव आठवड्याला बदलतो, तेव्हा स्वतःचे ताजे दर घालून परत मांडावं. प्रमाणं मात्र बदलत नाहीत. कौलं आणि लाकूड उतरवणं 890 फुटांना 25 रुपयांनी 22,250. राबिटाचे, म्हणजे मोडतोडीच्या ढिगाऱ्याचे, दोन टेम्पो 8,000. काँक्रीटचा पट्टा साच्यासह 30,000. लोखंड 730 किलो, माल 70 आणि घडवून चढवणं 35, मिळून 76,650. पत्रे 280 फूट 160 रुपयांनी 44,800. टोपी, कडपट्ट्या आणि पन्हळ 154 फूट 150 रुपयांनी 23,100. स्क्रू 5,250. पत्रे घालायची मजुरी 918 फुटांना 20 रुपयांनी 18,360. उतरते पाइप आणि जोड 6,000. बेरीज 2,34,410. वर दहा टक्के अनपेक्षित खर्चाला, कारण भिंतीचा माथा उघडल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही. एकूण 2 लाख 58 हजारांच्या आसपास. पडवी, वायरिंग, बबल थर आणि आतला रंग यात नाही. त्यांचं वेगळं पान करावं.

आता तोच "फुटाचा भाव" काढून बघा. जमिनीच्या फुटाला 430, उताराच्या फुटाला 290, सुट्या पत्र्याच्या फुटाला 262. तीन ठेकेदारांनी हे तीन आकडे सांगितले तर 262 वाला स्वस्त वाटतो, आणि तिघेही एकच रक्कम मागत असतात.

लाकडी सांगाड्यावर कौलंच परत टाकायची असतील तर भाव विचारायच्या आधी घनफूट काढा. दीड फुटावर अडीच बाय चारचे वासे आणि साडेबारा इंचांवर दोन बाय एकच्या रीपा धरल्या तर या घराला 55 घनफूट लाकूड लागतं, आढं आणि तुळया सोडून. सागाचा भाव कळला की बहुतेक मंडळी इथेच पत्र्याकडे वळतात. लोखंडी सांगाड्यावर कौलं हा मधला मार्ग आहे आणि घर गार राहतं, पण मग 730 किलोंचा हिशेब मोडीत काढून चौरस मीटरला 65 किलो धरून पहिल्यापासून मांडावा लागतो.

काम डिसेंबर ते मार्चमध्ये उरकलं तर उत्तम. एप्रिलच्या अखेरीस मजूर गावाला जायला लागतात आणि मेमध्ये अख्ख्या ठाण्याला एकदम छप्पर आठवतं. तेव्हा ताडपत्रीलासुद्धा वेगळा भाव लागतो. कोटेशनवर दराची मुदत लिहून घ्यावी, पंधरा दिवस पुरेत. पैसे टप्प्याने: माल आल्यावर वजन आणि जाडी बघून, कैच्या उभ्या राहिल्यावर, पत्रे संपल्यावर. पाच टक्के पहिला मोठा पाऊस होईपर्यंत हातात ठेवायचे, आणि हे आधी लिहून ठेवायचं. पावसाआधी होजपाइपने वळचणीकडून आढ्याकडे चढत पाणी मारून बघावं, खालून वर, म्हणजे गळती नेमकी कुठल्या जोडाची ते कळतं.

पत्रे मागवताना एक जास्तीचा आणि टोपीचा एक तुकडा मागवून ठेवा, स्क्रूचं एक पाकीटही. रंगाची पुढची खेप जराशी वेगळी निघते, आणि फांदी पडून चेपलेल्या एका पत्र्यासाठी कारखाना मशीन लावत नाही.